रेनोला 2011 मध्ये मस्टँग पडलं ते खरंच एका ढिल्या नटामुळं?

होटगीरोडवाला:
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या होटगी रोडवरनं गोव्याची फ्लाइट सुरू झाल्यापासनं आमच्या पोराला विमानाचं याड लागलंय, दिवसभर यूट्यूबवर तेच बघालालाय. काल त्यानं मला अमेरिकेतल्या रेनोचा व्हिडिओ दाखवला, 16 सप्टेंबर 2011 चा. दुसऱ्या महायुद्धातलं पी-51 मस्टँग फायटर, नाव 'गॅलपिंग घोस्ट', विमानांची रेस चालू असताना एकदम वर उसळतं, पालथं होतं आणि थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांपाशी येऊन आदळतं. पायलट जिमी लीवर्ड आणि 10 प्रेक्षक गेले, साठच्यावर लोकं जखमी. कमेंटमध्ये एक म्हणतोय नट ढिला झाला, दुसरा म्हणतोय पायलट 74 वर्षांचा म्हातारा, अ‍ॅटॅक आला असेल. आता एवढ्याशा नटानं एवढं धूड पडतंय का? आणि पायलटनं काहीच कसं केलं नाही? पोरगं विचारून विचारून डोकं खायलंय, कुणाला माहीत असेल तर सांगा.

पान्हा_पाना:
मालक, नटाचं खरंय, पण अर्धंच. शेपटीच्या आडव्या पंखाला मागं हलणारा भाग असतो, एलिव्हेटर, त्यानं नाक वरखाली होतं. त्या एलिव्हेटरच्या मागच्या कडेला अजून एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब, म्हणजे पायलटला सारखी स्टिक दाबून धरायला नको. स्पीड वाढला की मस्टँग नाक वर करू बघतंय, मग ही टॅब नाक खाली दाबून ठेवते. एनटीएसबी, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणारी अमेरिकेची सरकारी संस्था, तिच्या तपासात निघालं की डाव्या टॅबच्या स्क्रूंचे लॉकनट जुने होते, त्यांच्या आतलं इन्सर्ट, म्हणजे स्क्रूला आवळून धरणारी रिंग, खराब झालेलं, त्यामुळं स्क्रू ढिले पडले आणि एका स्क्रूला तर फटीग क्रॅकपण (सारखा ताण येऊन पडणारी चीर) गेलेली. आमच्याकडं लूमवर काम करणारा कुठलाबी फिटर सांगेल, इन्सर्टवाला नट एकदा काढला की परत घालायचा नसतोय कारण ती आतली पकडच त्याचं सगळं काम करते, पण चार रुपये वाचवायला सगळेच घालतात. लूमचा नट पडला तर कापड खराब होतं, एवढंच.

टॅब ढिली झाली आणि त्या स्पीडला फडफडायला लागली, फ्लटर म्हणतात त्याला. हैदराबाद रोडला ट्रकच्या ताडपत्रीची एक दोरी सुटली की कशी फडाफडा आपटून बाकीच्या दोऱ्यापण तोडते, तसं. टॅबला जोडणारा दांडा तुटला, नाक खाली दाबणारं काहीच राहिलं नाही, विमान उसळलं.

सिद्धेश्वरपेठी:
म्हणजे मेकॅनिकची चूक. एवढ्या खर्चाच्या विमानाला नवीन नट घालायला काय जात होतं बे त्यांचं

निवृत्त_फिटर_आयएएफ:
एवढ्यावर मेकॅनिकला फासावर देऊ नका हो. मी एअर फोर्समध्ये एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या कामावर होतो, तेव्हा दोन शब्द. ते विमान 1944 च्या फॅक्टरीतलं जसंच्या तसं मस्टँग नव्हतंच. पंख दोन्हीकडनं छाटून आखूड केलेले, पोटाखालचा रेडिएटरला हवा देणारा मोठा स्कूप काढून टाकलेला आणि त्याच्या जागी पाणी उकळवून वाफ सोडून देणारी कूलिंग बसवलेली, म्हणजे हवेला अडथळा कमी. मूळ मस्टँग ताशी 700 किमीच्या आसपास पळायचं, हे त्या दिवशी जमिनीलगत 800 च्या वर होतं. आणि उजवी ट्रिम टॅब त्यांनी फिक्स करून टाकलेली, हलणारी फक्त डावी, म्हणजे दोघींचा भार एकटीवर. माझा आक्षेप इथं आहे: एवढे बदल केले, त्यांची धड कागदोपत्री नोंद नाही, आणि रेसच्या स्पीडला नीट फ्लाइट टेस्ट करून बघितलेलं नाही. फ्लटरचं कसं असतं, एका ठरावीक स्पीडपर्यंत विमानाला काही होत नाही आणि तो ओलांडला की सावरायला वेळच नसतो. नट नवीन असते तर त्या दिवशी वाचलं असतं, पुढच्या वर्षी काय झालं असतं ते मात्र मी लिहून देणार नाही.

होटगीरोडवाला:
काका भारी सांगितलं, धन्यवाद. पण पायलटचं काय? अ‍ॅटॅक का?

निवृत्त_फिटर_आयएएफ:
अ‍ॅटॅकची गरजच नाही. विमान उसळलं तेव्हा 17.3 जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 17.3 पट भार आला. 70 किलोचा माणूस त्या क्षणी बाराशे किलोचा होतो. आपले फायटर पायलट जी-सूट (रक्त पायात उतरू न देणारा घट्ट पोशाख) घालून, ट्रेनिंग घेऊन 9 जी सोसतात, तेही दात-ओठ खाऊन. मेंदूतलं रक्त खाली उतरतं, माणूस बेशुद्ध. तेव्हाच्या फोटोत कॉकपिटमध्ये डोकं दिसतच नाही, माणूस पुढं वाकून पडलेला, आणि शेपटीचं चाक त्या भारानं आपोआप बाहेर आलेलं. 74 च्या जागी 24 चा असता तरी तेच झालं असतं. उगी म्हाताऱ्याच्या नावानं बोंबलू नका.

पान्हा_पाना:
काकांच्या बोलण्याला जोड देतो. असंच त्याच रेनोला 1998 ला झालं होतं. बॉब हॅना म्हणून पायलट, त्याचं 'वूडू' नावाचं मस्टँग, तीच ट्रिम टॅब तुटली, विमान उसळलं, हा बेशुद्ध. शुद्धीवर आला तेव्हा हजारो फूट उंच गेलेला, मग सुखरूप उतरवलं. नशीब, विमान सरळ वर गेलं, पालथं होऊन खुर्च्यांकडं वळलं नाही. म्हणजे 13 वर्षं आधी विमानानं सगळ्यांना दाखवून दिलं होतं की हे असं होतंय, तरीपण त्याच जागी. मला नटापेक्षा ह्याचाच राग येतो.

सिद्धेश्वरपेठी:
बरं बाबा मेकॅनिकला सोडलं 😅 पण लोकं एवढी जवळ का बसवली? आपल्या गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ बघताना तरी वर कठड्याला धरून उभं राहतो, मोटारसायकल अंगावर आली तर पळायला येतं. इथं तर पळायलाबी जागा नाही

निवृत्त_फिटर_आयएएफ:
हा प्रश्न बरोबर विचारला. एनटीएसबीनं नंतर जी शिफारस केली त्यात हेच होतं: रेसचा मार्ग कसा आखायचा, बदल केलेल्या विमानाची रेसच्या स्पीडला आधी टेस्ट घ्या, पायलटना जी चं ट्रेनिंग द्या. आणि एक वाचून मी कपाळाला हात लावला, फ्युएलचा टँकर प्रेक्षकांच्या बाजूला उभा असायचा, तो तिथनं हलवा म्हणून वेगळं सांगावं लागलं. त्या दिवशी विमान टँकरवर पडलं असतं तर 11 वर भागलं नसतं.

होटगीरोडवाला:
बापरे. मग बंद केल्या का रेस?

पान्हा_पाना:
कुठल्या बंद. पुढच्या वर्षी 2012 ला परत सुरू. 2023 ला रेनोची शेवटची झाली, त्यातपण लँडिंगला येताना दोन विमानं हवेत धडकली, दोघे पायलट गेले. आता न्यू मेक्सिकोत रॉसवेलला नेल्यात. पोराला जुनी विमानं बघायची असतील तर आपल्या एअर फोर्सची व्हिंटेज फ्लाइट, म्हणजे जुन्या विमानांची तुकडी आहे, 'परशुराम' नावाचं डकोटा उडवतात, टायगर मॉथ आणि हार्वर्डपण आहेत. 8 ऑक्टोबरच्या एअर फोर्स डेचे व्हिडिओ लावून द्या, रेसबिस काही नाही, सावकाश उडतंय.