पुनर्विकासातील घरावर बाईचे नाव आले, पण मत कोणाचे?

कुर्ल्याची रहिवासी (चर्चाप्रस्ताव)

आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांनी घरबांधणीचे नियोजन आणि स्त्री-पुरुष समानता या विषयावर नुकतेच एक लेखी निवेदन प्रसृत केले. झोपडपट्टी पुनर्वसनातील प्रत्येक घराचा करार पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावा म्हणून आपण जातीने लक्ष घालू, प्रत्येक प्रकल्पात बालवाडी आणि महिला उद्योजकता केंद्र उभे राहील हे पाहू, विकास आराखड्यात नोकरदार महिलांच्या निवासासाठी राखून ठेवलेल्या जागांचा पाठपुरावा करू आणि इमारत उभी राहीपर्यंतचे भाडे थकणार नाही याची काळजी घेऊ, असा त्या निवेदनाचा गोषवारा आहे. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. एका लोकप्रतिनिधीला घराच्या प्रश्नात बाई दिसली, हेही थोडके नव्हे.

मात्र पहिल्याच आश्वासनापाशी मी अडखळले. प्रमुख झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार यांच्या संयुक्त नावे करार करावा, अशी तरतूद झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेच्या नियमावलीत आधीपासूनच आहे. जे नियमात आहे तेच पुन्हा कबूल करायला काय लागते? करारापर्यंत पोहोचण्याआधी किती बायका वाटेतच गळतात आणि करार झाल्यावर त्यांच्या नावाला सोसायटीत किती किंमत राहते, याबद्दल मात्र निवेदनात एक ओळही नाही.

गळती होते ती परिशिष्ट-दोनच्या यादीत. कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवणारी ही यादी सगळी पुराव्यांवर चालते. १ जानेवारी २००० पूर्वीपासूनचे वास्तव्य सिद्ध झाले तर घर मोफत, त्यानंतरचे पण १ जानेवारी २०११ पूर्वीचे असेल तर सशुल्क. आता नवरा सोडून गेलेल्या बाईच्या हाती पुरावा म्हणून काय असते? आमच्या गल्लीत धुणीभांडी करून दोन मुले वाढवणारी एक परित्यक्ता आहे. सुनावणीला जाताना तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली सगळी वीजबिले सोबत नेली होती. बिले तिने भरलेली, पण मीटर नवऱ्याच्या नावाचा आणि फोटोपासही (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र) त्याच्याच नावाचा. तो माणूस कित्येक वर्षांत वस्तीत फिरकलेला नाही, तरीही यादीत झोपडीधारक म्हणून नाव लागले ते त्याचेच.

आणि समजा, सगळे सुरळीत होऊन संयुक्त नावाने घर मिळाले, तरी सहकार कायद्याप्रमाणे एका सदनिकेला मत एकच असते. भाग प्रमाणपत्रावर (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर) ज्याचे नाव पहिले, तो सभेला हजर असेल तर मत त्याचे. दुसऱ्या नावाला मत देता येते ते त्याच्या गैरहजेरीत. पहिले नाव कोणाचे असते हे मुंबईतल्या कोणत्याही सोसायटीच्या सूचना फलकावर वाचता येईल. तेव्हा समानतेची कसोटी करारापूर्वीच्या यादीत आणि करारानंतरच्या सभेत लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. इतरांना काय वाटते?

निवृत्त अभियंता, विक्रोळी

प्रस्ताव तळमळीने लिहिला आहे, पण त्यातील मागण्या मान्य केल्या तर सर्वाधिक नुकसान बायकांचेच होईल, असे मला वाटते. पुनर्विकासाच्या योजना आमच्या डोळ्यांदेखत पंधरा-पंधरा वर्षे रखडल्या आहेत. विकासक बदलतात, न्यायालयात दावे पडतात आणि कुटुंबे संक्रमण शिबिरात म्हातारी होतात. झोपडीधारकांच्या संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आणली गेली ती हे गाडे हलावे म्हणूनच. अशा वेळी यादी करणाऱ्या कारकुनाने प्रत्येक झोपडीत कोणी कोणाला सोडले याची चौकशी करावी, असे आपण सुचवत आहात काय? त्याच्या हाती झोपडीचा क्रमांक, मोजमाप आणि कागद एवढेच असते. वैवाहिक वादाचा निवाडा करणे हे कुटुंब न्यायालयाचे काम आहे आणि ते तिथेच राहावे.

बीडीडी चाळींचे उदाहरण घ्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींत १६० चौरस फुटांची एकेक खोली आणि मजल्यावर सामाईक शौचालये होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. रात्रीअपरात्री मुलीला सोबत घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आईला घरात स्वतःचे शौचालय मिळाले, स्वयंपाकघराला भिंत मिळाली आणि कपडे बदलायला दार लावता आले. याहून मोठी समानता कोणत्या निवेदनातून येणार आहे? आधी घर उभे राहू द्या, मग नावांचा क्रम आणि मतांचा हिशेब सावकाश करता येईल.

गोरेगावकर

मूळ निवेदनच अधिकाराबाहेरचे आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाचे नियोजन प्राधिकरण वेगळे, म्हाडा राज्य शासनाची आणि सहकार खाते पुण्याच्या आयुक्तांच्या अखत्यारीत. नगरसेविकांच्या हाती प्रभागाचा निधी आणि सभागृहातील प्रश्न, एवढेच उरते. २०१२ च्या निवडणुकीपासून महापालिकेतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणून घरबांधणीचे धोरण कुठे बदलले? निवडणूक झाली की अशी पत्रके निघतातच. त्यावर एवढा खल कशाला?

कागदपत्रे तपासणारी, दादर

मी वकिली करते आणि माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे घराच्या वारसाहक्काची असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंशी माझा थोडा थोडा मतभेद आहे.

करारावरील दुसऱ्या नावाला प्रस्तावकर्त्यांनी फारच कमी लेखले आहे. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात. तीन मुले आणि सासू असेल तर जिने तो संसार चालवला तिच्या वाट्याला घराचा पाचवा हिस्सा येतो. तेच घर दोघांच्या नावे समसमान असते, तर अर्धे तिचे आधीच होते आणि वाटणी फक्त उरलेल्या अर्ध्याची झाली असती. थोरला मुलगा खोली विकायला निघाला की या फरकाचे मोल कळते. म्हणून नियम जुना असला तरी तो पाळला जातो की नाही यावर एखादी नगरसेविका लक्ष ठेवणार असेल, तर मी तिचे स्वागतच करीन.

शासनाच्या धोरणात मात्र एकसूत्रता नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत घर कुटुंबातील महिलेच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे, अशी अट आहे. उलट राज्याने १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची जी सवलत दिली, ती घर केवळ महिलेच्या नावे घेतले तरच मिळते. पतीचे नाव जोडले की गेली. त्यातच असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही अशी अटही घातली होती, ती २०२३ मध्ये काढावी लागली. बाईला मालक म्हणायचे आणि तिने कोणाला विकावे हे शासनाने ठरवायचे, हा प्रकार दोन वर्षे बिनबोभाट चालला. शिवाय एक कोटीच्या घरामागे एक लाख वाचतात म्हणून पत्नीच्या नावे खरेदी करायची आणि त्याच बैठकीत तिच्याकडून मुखत्यारपत्र लिहून घ्यायचे, हेही मी पाहिले आहे.

कुर्ल्याची रहिवासी

अभियंता महोदयांच्या बीडीडीच्या उदाहरणातला आनंद मलाही मान्य आहे. परंतु ‘आधी घर, मग हिशेब’ हे सूत्र ज्यांचे नाव यादीत आहे त्यांच्यापुरतेच खरे ठरते. यादीतून गळलेल्या बाईला घर आधीही मिळत नाही आणि नंतरही नाही. कारकुनाने निवाडा करावा असे मी म्हटलेले नाही. प्रत्यक्ष राहणारी व्यक्ती कोण, मुले कोणत्या शाळेत जातात, शिधापत्रिकेवर कोण आहे, एवढे पाहून त्या बाईची नोंद स्वतंत्र शेऱ्यासह घ्यावी आणि तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय नवऱ्याच्या नावे करार होऊ नये, इतकीच अपेक्षा आहे. त्यासाठी योजना पंधरा वर्षे रखडणार नाही. रखडतात त्या विकासकाकडचे पैसे संपल्यामुळे.

गोरेगावकर यांचा अधिकाराचा मुद्दा अर्धाच खरा आहे. पालिकेच्या जमिनीवरील वस्त्यांची परिशिष्ट-दोन यादी वर्षानुवर्षे पालिकेच्या विभाग कार्यालयातूनच तयार होत आली आहे आणि त्या कार्यालयात नगरसेविकेचा शब्द चालतो. रस्ता आणि गटार यांसाठी चालणारा शब्द यादीसाठी का चालू नये?

चेंबूरची कार्यकर्ती

नाव आणि मत यांवर इतके लिहिले गेले, पण इमारतीच्या आतल्या बाईच्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही. नव्या नियमावलीत दर २५० झोपडीधारकांमागे २५ चौरस मीटरची बालवाडी आणि त्यासोबत आरोग्य केंद्र, महिला उद्योजकता केंद्र, वाचनालय यांसारख्या सुविधांची तरतूद आहे. कागदावर हे फार सुंदर दिसते. मी ज्या वसाहतीत काम करते तिथल्या बालवाडीच्या खोलीत गणेशोत्सव मंडळाच्या मखराच्या फळ्या, पंपाचे सुटे भाग आणि दोन मोडक्या सायकली आहेत. किल्ली समितीच्या सचिवांकडे असते आणि ते रात्री नऊला कामावरून येतात. बांधकाम झाले, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, पण बालवाडी चालवायची कोणी आणि शिक्षिकेचा पगार द्यायचा कोणी, हे त्या तरतुदीत येतच नाही. नगरसेविकांनी अशी आणखी दहा केंद्रे बांधण्याचे आश्वासन देण्याऐवजी बांधलेल्या एका केंद्राचे कुलूप उघडून दाखवावे.

घराच्या रचनेबाबतही तेच. जमिनीलगतच्या घरात दाराबाहेर ओटा असतो. तिथे बाई भाजी निवडते, शेजारच्या पोरावर लक्ष ठेवते, मण्यांच्या माळा ओवते आणि चार पैसे मिळवते. सातव्या मजल्यावरच्या ३०० चौरस फुटांत हे सगळे बंद होते, कारण मार्गिका अंधारी असते आणि गच्चीला कुलूप असते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर सोडलेले असल्याने खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि त्याचा क्षयरोगाशी संबंध आहे, हे ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासातून पुढे आले. त्या हवेत दिवसाचे वीस-वीस तास कोण काढतो, याचा विचार केला तर इमारतींमधील अंतर हाही स्त्रियांचाच प्रश्न ठरतो. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांनी १९८०च्या दशकात ‘महिला मिलन’ उभी केली, बचत केली आणि आपल्याला हव्या त्या घराची प्रतिकृतीसुद्धा उभारून दाखवली. उंच छत आणि वर पोटमाळा, असे ते घर होते. आज आराखडा काढताना वस्तीतल्या एका तरी बाईला कोणी विचारतो का?

निवृत्त अभियंता, विक्रोळी

इमारतींमधील अंतराबाबत चेंबूरच्या कार्यकर्तीशी मी पूर्ण सहमत आहे. अंतर कमी ठेवण्याच्या सवलती देणे ही नियोजनातील गंभीर चूक होती, आणि ती ज्यांनी केली ते सगळे माझ्यासारखेच अभियंते आणि वास्तुविशारद होते. परंतु यात एक अडचण आहे जी कोणी मांडत नाही. मोफत घराचा खर्च विक्रीच्या इमारतीतून निघतो. अंतर वाढवा, ओटे द्या, केंद्रे द्या, तर तेवढे क्षेत्र कुठून तरी कमी होणार किंवा मजले वाढणार. जमिनीच्या भावावर चालणाऱ्या या योजनेत प्रत्येक चांगल्या गोष्टीची किंमत चौरस फुटांत मोजावी लागते.

मतांच्या मुद्द्यावर मी अजूनही असहमत आहे. एका घरात दोन मते दिली, तर पुनर्विकासाच्या सभेत नवरा एका विकासकाचा आणि बायको दुसऱ्याची, असे होऊन गणपूर्तीपासूनच घोळ सुरू होईल. समितीत महिलांसाठी दोन जागा कायद्याने राखीव आहेतच, त्या आधी खऱ्या अर्थाने भरा.

कागदपत्रे तपासणारी, दादर

दोन मतांची मागणी करण्याची गरजच नाही. भाग प्रमाणपत्रावर पहिले नाव पुरुषाचेच असावे, असे सहकार कायदा कुठेही म्हणत नाही. सोसायटी नोंदवताना प्रवर्तक, म्हणजे ती स्थापन करणारे रहिवासी, जी यादी देतात, त्याच क्रमाने प्रमाणपत्रे छापली जातात आणि मग जन्मभर तोच क्रम चालतो. पहिले नाव पत्नीचे घातले, तर आहे त्याच कायद्यात सभेतील मत तिचे होते. नगरसेविकांना निवेदनातील पहिले आश्वासन अर्थपूर्ण करायचे असेल, तर नोंदणीपूर्वी ही यादी तयार होत असताना त्यांनी वस्तीत बायकांची एक सभा घ्यावी आणि हा पर्याय त्यांना समजावून सांगावा. याला ना शासन निर्णय लागतो, ना निधी.

निवृत्त अभियंता, विक्रोळी

म्हणजे आज जो अन्याय बाईवर होतो असे आपण म्हणता, तोच उद्या नवऱ्यावर होणार.

कुर्ल्याची रहिवासी

नवऱ्याला पत्नीच्या गैरहजेरीत मत देता येईलच, आणि आजवर ही तरतूद पुरेशी आहे असे आम्हाला सांगितले जात होते. दादरच्या ताईंनी सुचवलेला मजकूर मी नगरसेविकांच्या कार्यालयात देणार आहे. आमच्या सोसायटीची प्रवर्तकांची यादी अजून नोंदणीला गेलेली नाही, त्यामुळे कोणाला या मजकुरात भर घालायची असेल तर या आठवड्यात इथेच लिहावे.