शब्दचर्चा : जखम ‘बरी करणे’ की ‘भरून येणे’?

मूळ प्रश्न

एका किशोरवयीन प्रेमकथेचा अनुवाद करते आहे. नायिका सतरा वर्षांची. लहानपणी घरात जे सोसलं, त्याचा परिणाम तिच्या झोपेवर, बोलण्यावर, कुणी जवळ आलं की आक्रसून जाणाऱ्या अंगावर अजून दिसतो. शेजारच्या बाकावर बसणारा एक मुलगा हळूहळू तिच्या आयुष्यात येतो. गोष्ट साधी आहे, पण दोन शब्दांपाशी मी आठवडाभर अडून बसले आहे : ‘ट्रॉमा’ आणि ‘हीलिंग’.

पहिल्यासाठी कोश ‘आघात’ देतो. पण आघात म्हटलं की एखाद्या क्षणी काहीतरी येऊन आदळलं असं डोळ्यांपुढे येतं. या मुलीच्या बाबतीत तसा एक क्षण नाहीच. सहा-सात वर्षं रोज संध्याकाळी दाराची कडी वाजली की श्वास रोखून बसायचं, एवढंच तिच्या आठवणीत आहे. दुसऱ्यासाठी ‘बरं होणे’ लिहिलं तर ताप उतरल्यासारखं वाटतं, ‘उपचार’ लिहिलं तर दवाखाना येतो. मलपृष्ठावरच्या एका वाक्याचा माझा कच्चा खर्डा असा : ‘त्याच्या प्रेमानं तिच्या बालपणीच्या जखमा बऱ्या केल्या.’ यात काहीतरी खुपतंय, पण नेमकं काय ते सापडत नाही. मदत कराल का?

प्रतिसाद १

‘ट्रॉमा’ मूळ ग्रीक, आणि तिथे त्याचा अर्थ सरळ ‘जखम’. ‘आघात’ हा मात्र हन् धातूच्या घराण्यातला : घात, अपघात, विश्वासघात, आत्मघात. म्हणजे तो माऱ्याचं नाव आहे, जखमेचं नाही. बाहेरून काय आलं ते ‘आघात’ सांगतो, अंगावर काय राहिलं ते ‘ट्रॉमा’ सांगतो. ताई, तुम्ही अडलात ती जागा हीच असावी.

‘घाव’ हा त्याच ‘घात’चं झिजून झालेलं रूप आहे, आणि झिजता झिजता त्यानं जास्त अर्थ कमावला. झाडावर घाव घालतात तेव्हा तो मारा असतो, ‘घाव भरला’ म्हणतात तेव्हा ती जखम असते. एकाच शब्दात दोन्ही. म्हणून नुसता पर्याय हवा असेल तर मी ‘घाव’ला मत देईन.

पण त्याहून जवळचा शब्द ‘सल’ आहे. मूळ ‘शल्य’, म्हणजे अंगात घुसून राहिलेलं बाणाचं टोक किंवा काटा. शल्यचिकित्सा हा शब्द त्यावरूनच आला. सलीचं वैशिष्ट्य असं की वरून काही दिसत नाही, कातडी धडधाकट असते, आणि हात लागला की माणूस कळवळतो. तुमच्या नायिकेला जवळ आलेल्या हाताची भीती का वाटते, ते ‘सलतं’ या एका क्रियापदात आहे. कधीकाळी ‘सललं’ असं आपण क्वचितच म्हणतो. सल ही आत्ताची असते, घटना कितीही जुनी असो.

प्रतिसाद २

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून मुळातल्या शंकेबद्दल लिहिते. एकच मोठा तडाखा आणि वर्षानुवर्षांची टोचणी यांतला फरक वैद्यकालाही उशिरा दिसला. आघातानंतरच्या ताणाचा विकार अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात १९८० साली आला. जिथून सुटका नाही अशा परिस्थितीत पुन्हा पुन्हा सोसलेल्या त्रासातून येणारा गुंतागुंतीचा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात स्वतंत्रपणे नोंदला गेला. ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. लहानपणी घरातच होणारा छळ तिथे उदाहरण म्हणून येतो. तेव्हा ‘तसा एक क्षण नाहीच’ हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

समोर बसलेली मुलं ‘आघात’ म्हणत नाहीत. मोठी माणसं त्यांच्याबद्दल सांगताना म्हणतात, ‘हिनं धसका घेतलाय.’ मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण त्यात भीती पुढेही चालूच राहते : एकदा काही घडलं आणि आता ते पुन्हा घडेल या धास्तीत जगणं. पण त्याचं व्याकरण पाहा. धसका ‘घेतला’, आणि घेणारी ती. जणू तिनं तो हात पुढे करून घेतला. ‘आघात झाला’ यात तर करणारा दिसतही नाही. पाऊस झाला, सकाळ झाली, तसा आघात झाला. बालपणीच्या बहुतेक घावांना एक करणारा असतो, आणि आपल्या नेहमीच्या वाक्यांत तोच गळून पडतो. अनुवादात निदान एका जागी तरी ‘त्यांनी मला मारलं’ असं कर्त्यासकट वाक्य त्या मुलीच्या तोंडी राहू द्या. ते वाक्य पहिल्यांदा उच्चारायला माणसांना किती वर्षं लागतात ते मी पाहिलं आहे.

प्रतिसाद ३

एक विनंती. अशा पुस्तकांच्या परिचयात ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण हटकून येते. कृपा करून ती वापरू नका. टाकी मूर्तिकाराच्या हातात असते आणि त्याला मूर्ती घडवायची असते. मुलाला मारणाऱ्याला काही घडवायचं नसतं.

मूळ प्रश्न विचारणारी

प्रतिसाद ३, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. माझ्या खर्ड्यात ती म्हण नव्हती, पण ‘लहानपण देगा देवा’ होतं! एका प्रकरणाचं शीर्षक म्हणून घातलं होतं. मग अभंग पुन्हा वाचला आणि काढून टाकलं. तुकोबांच्या त्या ओळीत लहानपण म्हणजे बालवय नाहीच, लहान असणं, नम्र असणं आहे. म्हणून तर पुढे मुंगीला साखरेचा रवा मिळतो आणि थोर ऐरावताला अंकुशाचा मार. आपण सगळे ती ओळ बालपणाच्या गोडव्यासाठी वापरत आलो. माझ्या नायिकेच्या घरात गणित उलटं होतं, लहान होती म्हणूनच मार बसला. ती ओळ तिच्या माथ्यावर ठेवणं मला जमणार नाही.

‘सल’ आणि ‘धसका’ दोन्ही घेते. आता ‘हीलिंग’कडे वळू या का?

प्रतिसाद ४

माझं शिक्षण आयुर्वेदाचं, त्यामुळे मला ‘व्रण’ आठवला. आज आपण व्रण म्हणजे जखम भरल्यावर उरलेली खूण समजतो, ‘वण’ हे त्याचंच घरगुती रूप. संस्कृतात मात्र व्रण म्हणजे खुद्द जखम. आणि ती भरण्यासाठी सुश्रुतसंहितेतला शब्द आहे ‘रोपण’. हो, वृक्षारोपणातलाच. मूळ धातू रुह्, उगवणे, वाढणे. भरून आलेल्या जखमेला ‘रूढ’ व्रण म्हणतात, भरत असलेल्याला ‘रुह्यमाण’. जखम भरणं म्हणजे त्या जागी नवं मांस उगवणं, ही कल्पना शब्दातच आहे. वैद्य जमीन साफ करतो, उगवायचं काम शरीराचं.

सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायातला एक सल्ला तुमच्या कादंबरीसाठी फार उपयोगी आहे. आत दोष शिल्लक असताना घाईनं व्रण भरू देऊ नये, असं तिथे सांगितलं आहे. तसा भरलेला व्रण थोड्याशा चुकीनंही आत पोकळी करतो आणि पुन्हा उलटतो. आतून आणि बाहेरून शुद्ध झाल्यावरच रोपण करावं. आणि भरल्यावरही, ती जागा पक्की होईपर्यंत काही गोष्टी टाळायच्या : अजीर्ण, व्यायाम, मैथुन, शिवाय क्रोध, भय आणि हर्ष. हर्षसुद्धा! विद्यार्थी असताना मी ते नुसतं पाठ केलं होतं. नुकत्याच भरलेल्या जागेला आनंदाचाही ताण सोसत नाही, हे किती बारकाईनं पाहिलं असेल. तुमची नायिका पहिल्यांदा खूप आनंदात असताना अचानक कोलमडते, असा प्रसंग पुस्तकात आहे का?

मूळ प्रश्न विचारणारी

आहे. अगदी तसाच आहे, आणि मला तो उगाच ओढूनताणून आणलेला वाटत होता. आता पुन्हा नीट वाचते.

प्रतिसाद ५

सगळं वाचत होतो, आता राहवत नाही. ‘रोपण’ सुंदर आहे, पण आज तो शब्द वाचकाला दातांपर्यंत किंवा झाडांपर्यंत नेईल. आपल्या रोजच्या बोलण्यात एक क्रियापद तयार आहे आणि ते कुणीच अजून पुढे केलं नाही : ‘भरून येणे’.

जखम भरून येते. ‘भरली’ आणि ‘भरून आली’ यांत फरक आहे. ‘भरली’ म्हणजे काम संपलं. ‘भरून आली’मधलं ‘येणे’ आतून वर सरकत येणारी हालचाल दाखवतं, खालून मांस वर येतं तशी. कर्ता कोण? जखम. ताईंच्या मलपृष्ठावरच्या वाक्यात खुपतंय ते इथे कळतं. ‘त्याच्या प्रेमानं जखमा बऱ्या केल्या’ यात सगळी करणी त्या मुलाच्या प्रेमाची झाली आणि मुलगी वाक्यात कुठे उरलीच नाही. फक्त तिच्या जखमा उरल्या, त्याही कर्म होऊन. सतरा वर्षांच्या वाचक मुलीनं त्यातून काय घ्यायचं? बरं करणारा कुणीतरी येईपर्यंत थांबायचं? आणि त्या मुलाच्या वयाच्या वाचकानं? आपल्याला वैद्य व्हायलाच हवं, नाहीतर आपलं प्रेम कमी पडलं?

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. भरून येतात ते डोळेही. ऊर भरून येतो, आभाळ भरून येतं. जखम सांधणं आणि रडू दाटणं यांना मराठीनं एकच क्रियापद दिलं आहे. वर्षानुवर्षं न रडलेल्या मुलीच्या गोष्टीत ‘तिला भरून आलं’ एवढंच वाक्य आलं, तर वाचकाला दोन्ही अर्थ एकदम मिळतील. हे मूळ पुस्तकाच्या भाषेतून आणता येणार नाही, ते आपल्याकडे आहे. मूळ पुस्तकात नसलेली ही श्रीमंती अनुवादात येऊ द्या, मला त्यात काही गैर दिसत नाही.

प्रतिसाद २

वा! मला हे कामातही उपयोगी पडेल. ‘खपली’ही जोडीला घ्या. खपली धरते, ती आपोआप गळून पडते, आणि घाई करून काढली की पुन्हा रक्त येतं. ‘ट्रिगर’साठी, म्हणजे जुनी भीती एकदम जागी करणाऱ्या गोष्टीसाठी, मुलं तोच इंग्रजी शब्द वापरतात आणि संवादात तो तसाच ठेवावा. पण निवेदनात ‘खपली निघाली’ चालेल.

प्रतिसाद १

प्रेमाच्या बाजूनंही एक शब्द सुचवतो. ‘प्रेम जडलं’ टाळा. व्यसन जडतं, रोग जडतो, तसंच प्रेमही, आणि एरवी ते गोड वाटतं. पण या मुलीला आधीच बरंच काही जडलेलं आहे. ‘लळा लागला’ लिहून पाहा. आपण तो लहान मुलांसाठी जास्त वापरतो, म्हणूनच. तिला त्या वयात जे मिळालं नाही तेच नाव.

मूळ प्रश्न विचारणारी

‘लळा’ मुलाच्या आजोबांसाठी ठेवते. पुस्तकात तिला आधी त्यांचा लळा लागतो, मग त्याचं-तिचं सुरू होतं. मलपृष्ठाचं वाक्य आता असं : ‘त्याच्या प्रेमामुळे तिच्या जुन्या जखमा हळूहळू भरून येतात.’

प्रतिसाद ५

‘मुळे’ काढा ना. तो पुन्हा कारण होऊन बसला. ‘सोबत’ घालून पाहा, किंवा ‘जवळ’.

मूळ प्रश्न विचारणारी

‘सोबत’ घातलं तर दोघांच्याही जखमा भरताहेत असं वाचलं जाईल. ‘जवळ’ घेते. मूळ वाक्यापासून थोडी दूर जाते आहे, पण प्रकाशकांना हे कारणासकट कळवीन : ‘दाराची कडी वाजली तरी ती आता उठून जात नाही. त्याच्याजवळ बसून राहते, आणि कधीतरी तिला भरून येतं.’