मदत हवी आहे: ट्रॅकपँटला मांडीवर जॉय-कॉनचा (व्हिडिओ गेमच्या छोट्या रिमोटचा) खिसा कसा शिवायचा?

नमस्कार ताई-दादा, मी दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहते. भाऊ पुण्याहून येताना निन्टेन्डो स्विच हे व्हिडिओ गेमचं यंत्र अन् त्यावरचा व्यायामाचा गेम रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर घेऊन आला, तेव्हापासून वहिनी अन् मी सकाळी खेळून राहिलो, लय आवडलं. पण त्यात डावा जॉय-कॉन पट्ट्यानं डाव्या मांडीला बांधावा लागते, माझी ट्रॅकपँट गुळगुळीत कापडाची अन् इथली गरमी तर तुम्हाला माहीतच आहे, घाम आला की पट्टा सरकत सरकत गुडघ्यावर. मांडी किती वाकली ते त्या जॉय-कॉनवरूनच समजते, म्हणून मग स्क्वॉट नीट मोजतच नाही. जास्त आवळला तर वळ उठतात. वहिनीचा पट्टा तर सलवारीच्या घेरासकट फिरते.

म्हणून वाटते की मांडीवर मापाचा खिसाच शिवावा, वरून वेल्क्रो. घरी पायडलची मशीन आहे पण तिची सरळ शिलाई ताणाच्या कापडावर बसकण मारली की तटकन तुटते. होजिअरीची गोल टोकाची सुई अन् हातानं उलटा टाका घातला तर टिकेल का? की पट्ट्यालाच आतून इलॅस्टिक लावू? कुणी केलं असेल तर फोटो टाका प्लीज.