तळ्याकाठच्या सार्वजनिक उद्यानात कार्यक्रम : कोणकोणत्या परवानग्या लागतात?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळाला तळ्याकाठच्या उद्यानात सायंकाळी काव्यवाचन करायचे असून ध्वनिवर्धक व छोटा मांडव लागेल. उद्यानाच्या परवानगीखेरीज आणखी कुठे अर्ज करावा लागतो का?

प्रतिसाद १ : उद्यानाची परवानगी सहसा जागेपुरतीच असते, ध्वनिवर्धक, मांडव आणि खाद्यविक्री यांसाठी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र परवाने लागतात. अर्जाला नकाशा जोडून त्यात मांडव, जनरेटर आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवलेली वाट अवश्य दाखवावी.

प्रतिसाद २ : आवाजाचा विचार आधी करा, ही कळकळीची विनंती. सूर्यास्तानंतर पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली, की वर जाणाऱ्या ध्वनिलहरी पुन्हा खाली वळतात आणि समोरच्या काठावरच्या घरांत शब्दन् शब्द ऐकू जातो. म्हणून कर्ण्यांची तोंडे पाण्याकडे न ठेवता श्रोत्यांकडे खाली झुकवावीत. पाणपक्ष्यांच्या विणीच्या काळात तर काठापासून दूरचीच जागा मागावी. मांडवाच्या खुंट्या झाडांच्या मुळांत ठोकू नयेत, दोर वाळूच्या पोत्यांना बांधावेत.

प्रतिसाद ३ : अनामत रक्कम भरावी लागल्यास जागा ताब्यात घेतानाच हिरवळीची छायाचित्रे काढून ठेवावीत.