कल्गोआ नावाचं सरकारी रीफर (माल थंडगार ठेवून नेणारं) जहाज, कोणाले माहिती हाये का?

वरुडचा_संत्रावाला:
भाऊ लोकं, आमच्याकडं संत्र्याचा मृग बहार निघाला की रीफर गाडीसाठी पयापय असते, त्याच नादात रीफर जहाजं कवापासून चालू झाली ते वाचत बसलो अन् अमेरिकन नौदलाचं कल्गोआ भेटलं. 1889 चं, इंग्लंडात संडरलंडले बांधलेलं, अन् 1898 मधे स्पेनसंगं लढाई चालू असतानी फिलिपिन्समधे विकत घेतलं. लढाई चालू अन् हे मटणाचं जहाज घेतात, काऊन बाप्पा? अन् पुढं त्याचं झालं काय?

आर्वीकर:
काऊन म्हणजे, लढणाऱ्या माणसाले जेवाले नको का? 1 मे 1898 ले अमेरिकेच्या ताफ्याचा प्रमुख ड्यूई, त्यानं मनिलात स्पेनचा ताफा बुडवला, पण मायदेश हजारो मैल दूर अन् इंग्लंड तटस्थ म्हणून हाँगकाँग बंदरातून त्याले आधीच बाहेर काढलेलं. म्हणून मग कल्गोआ ऑस्ट्रेलियातून गोठवलेलं मांस मनिलाले आणत राहिलं. पुढं 1907 ते 1909 मधे अमेरिकेचा 16 युद्धनौकांचा ताफा जगाले चक्कर माराले निघाला, त्याच्यासंगं रसद घेऊन कल्गोआ अन् ग्लेशियर नावाचं दुसरं जहाज. फोटो सगळे पांढऱ्या रंगाच्या युद्धनौकांचे, ह्या दोघींले कोण विचारते! डिसेंबर 1908 मधे कोलंबो करून जानेवारी 1909 मधे सुएझले पोचले तर इटलीत मेसिनाले भूकंप झाल्याची बातमी भेटली, हजारो माणसं ढिगाऱ्याखाली, तवा कल्गोआले सामान घेऊन तिकडं धाडलं. माह्या मते तिच्या नोकरीतलं सगळ्यात कामाचं हेच. 1922 मधे विकून टाकलं.

कोल्डस्टोरेज_काटोल:
मशिनरीचं मी सांगतो, धंदाच तो हाये. त्या काळच्या लय जहाजांत हवेचं मशीन राहे, म्हणजे हवा दाबाची, समुद्राच्या पाण्यानं गार कराची, मंग एकदम मोकळी सोडाची की ती कडक थंडी होते अन् तीच खोलीत सोडाची. कोळसा मात्र लय खाये. मंग कार्बन डायऑक्साईडवाले कॉम्प्रेसर आले, कारण बंद जहाजात अमोनिया गळला तर पळशीन कुठं? आमच्याकडं अमोनियाच हाये, थोडा गळला तरी डोयातून धारा लागतात, पण आमाले पळाले मोकळं वावर तरी हाये.

वरुडचा_संत्रावाला:
म्हणजे त्या मटणाच्या खोलीत संत्रा चालला असता का?

कोल्डस्टोरेज_काटोल:
नाही ना राजा! मांस मेलेलं हाये, गोठवलं की पडून रायते. संत्रा तोडल्यावरबी श्वास घेते, त्याले 6-7 डिग्री पायजे, दमट हवा पायजे अन् ती बदलत राहाले पायजे, त्याच्या खाली नेला की सालीवर डाग पडतात अन् चव जाते. गाडी ठरवतानी ड्रायव्हरले सेटिंग किती ठेवणार ते आधी विचारजो, अन् माल भरल्यावर मधल्या पेटीत थर्मामीटर ठेवजो, दाराजवळच्या नाही.

आर्वीकर:
पेट्या भिंतीले टेकवून नको लावू, हवा फिराले जागा सोड.