'सेड मी' चूक, 'टोल्ड मी' बरोबर, असं का?

प्रश्न: 'से' म्हणजे म्हणणे, 'टेल' म्हणजे सांगणे, 'स्पीक' आणि 'टॉक' दोन्ही बोलणे. अर्थ पाठ आहेत, तरी वाक्य करताना गोंधळ होतो. नेमकं काय बघायचं?

प्रतिसाद १: क्रियापदाच्या लगेच पुढे काय येतं ते बघा. 'टेल'नंतर सहसा ऐकणारा येतो: 'शी टोल्ड मी दॅट...' 'से'नंतर थेट मजकूर येतो: 'शी सेड दॅट...' तिथे माणूस आणायचा तर 'टू' हवाच: 'शी सेड हॅलो टू मी'.
चुकीचं मूळ आपल्या 'ला' प्रत्ययात आहे. 'मला म्हणाली' आणि 'मला सांगितलं' यांत 'मला' एकच, इंग्रजीत मात्र एकीकडे 'टू मी', दुसरीकडे नुसतं 'मी'. 'एक्स्प्लेन'चंही तेच: 'एक्स्प्लेन मी धिस' नव्हे, 'एक्स्प्लेन धिस टू मी'. 'आस्क' मात्र 'टेल'च्या बाजूचा, म्हणून 'आस्क्ड टू मी' चूक.

प्रतिसाद २: वरच्या नियमातून सुटणारे काही प्रयोग पाठच करावे लागतात: 'टेल अ लाय', 'टेल द ट्रुथ', 'टेल अ स्टोरी', 'टेल द डिफरन्स'. इथे माणूस नसला तरी चालतं, पण 'से अ लाय' कधीच होत नाही.
शिवाय पाटीवर किंवा पत्रात काही 'लिहिलंय' असं आपण म्हणतो, तिथे इंग्रजीत 'से' येतो: 'द लेटर सेज...' हा वापर फार उपयोगी आहे आणि शिकवताना हमखास राहून जातो.

प्रतिसाद ३: स्पीक-टॉक पुष्कळदा अदलाबदल करता येतात. 'आय वॉन्ट टू स्पीक टू यू' जरा गंभीर वाटतं, 'टॉक टू यू' मोकळं. भाषेसाठी मात्र 'स्पीक'च: 'शी स्पीक्स मराठी'. 'टॉक अबाउट' बरोबर, पण त्याच चालीवर 'डिस्कस अबाउट' करू नका. 'डिस्कस'नंतर थेट विषय येतो.

प्रश्नकर्ता: मग व्याकरणाच्या पुस्तकात 'सेड टू मी'चं 'टोल्ड मी' का करतात?

प्रतिसाद १: अवतरणचिन्हांत मूळ शब्द असतील तर 'ही सेड टू मी' ठीक. तोच मजकूर 'दॅट' लावून अप्रत्यक्ष केला की 'ही टोल्ड मी दॅट...' सहज वाटतं. मूळ वाक्य प्रश्न असेल तर 'टोल्ड' नाही, 'आस्क्ड मी' घ्या, आणि 'दॅट' गाळा: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड'.