एनएचएलमध्ये पूर्ण जाळी सक्तीची का नको?

मिनेसोटाकर
लेक इथे मुलींच्या संघात आइस हॉकी खेळते. हेल्मेटला पूर्ण जाळी नसेल तर रिंकवर उतरूच देत नाहीत. कॉलेज हॉकीत मुलांनाही तोच नियम. मग तोच पोरगा एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, गेला की जाळी काढतो आणि अर्धा व्हायझर (डोळ्यांपुरती पारदर्शक ढाल) लावतो. नाकाखाली सगळं उघडं! पकचा (रबरी चकतीचा) वेग वाढला, समोरची माणसं दांडगी झाली आणि संरक्षण मात्र घटलं. निदान नव्या खेळाडूंना तरी पूर्ण जाळी सक्तीची करा.

बर्फातला पुणेकर
अजिबात पटलं नाही. ती लहान मुलं नाहीत, पोटापाण्यासाठी खेळणारे सज्ञान लोक आहेत. जाळीमुळे पायाजवळचा पक नीट दिसत नाही, पारदर्शक ढालीवर वाफ धरते. शिवाय सगळ्यांचीच तोंडं झाकलेली असली की स्टिक बेफिकीर वर जाते. आवर घालायचा तर शिक्षा वाढवा. आज हाय-स्टिकने रक्त काढलं तरी चारच मिनिटं बाहेर बसायचं!

दाढदुखी
पेशाने दंतवैद्य, त्यामुळे पक्षपाती आहे. कॅनडातल्या विद्यापीठ संघांच्या ६४२ खेळाडूंचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मे संघ पूर्ण ढालीचे, निम्मे अर्ध्या, म्हणजे व्हायझरसारख्या. अर्ध्या ढालीवाल्यांना दातांच्या दुखापतीचा धोका जवळपास दहापट निघाला, चेहऱ्यावरच्या जखमांचा दुपटीहून जास्त.

बर्फातला पुणेकर
त्याच अभ्यासातलं पुढचंही सांगा की. कन्कशनच्या (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेच्या) प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नव्हता. म्हणजे खेळाडूचं आयुष्य नासवणारी दुखापत जिथल्या तिथे.

दाढदुखी
प्रमाणात नाही, खरंय. पण कन्कशननंतर अर्ध्या ढालीवाल्यांना जास्त दिवस बाहेर बसावं लागलं. हेही त्यातच आहे.

जुना प्रेक्षक
या लीगची चाल ठरलेली आहे: आधी कोणाला तरी लागतं, नियम मागून येतो. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये पक तोंडावर बसला तेव्हा गोली (गोलरक्षक) जॅक प्लांट टाके घालून मास्क लावूनच परतला. प्रशिक्षक टो ब्लेक यांना तो मास्क पसंत नव्हता. १९६८ मध्ये मिनेसोटा संघाचा बिल मास्टरटन हेल्मेटविना बर्फावर डोकं आपटून गेला. हेल्मेटची सक्ती आली १९७९ मध्ये, तीही नव्यांपुरती. त्यामुळे शेवटचा उघड्या डोक्याचा खेळाडू, क्रेग मॅकटॅविश, निवृत्त झाला तो थेट १९९७ मध्ये! ब्रायन बेरार्डचा डोळा २००० मध्ये स्टिक लागून जवळजवळ गेला. तो परत आला आणि २००४ मध्ये त्याला चिकाटीचा पुरस्कार मिळाला, मास्टरटनच्याच नावाचा. काय म्हणावं याला! व्हायझर २०१३ मध्ये सक्तीचा झाला, तोही २६ पेक्षा कमी सामने खेळलेल्यांनाच. खेळाडू ॲडम जॉन्सन २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला स्केटच्या पात्याने गळा कापून गेला, तरी एनएचएलमध्ये गळपट्टा सक्तीचा होतोय २०२६-२७ पासून, आणि पुन्हा नव्यांनाच.

बर्फातला पुणेकर
व्हायझरला माझा विरोध नाहीच. गेलेला डोळा परत येत नाही. दात बसवता येतात. दातांसाठी सक्ती नको, एवढंच म्हणतोय.

मिनेसोटाकर
आणि व्हायझरखालून वर आलेली स्टिक? निम्मे जण तर तो कपाळाकडे तिरपा चढवून खेळतात. तुमचा तो डोळा तिथेही उघडाच राहतो, पुणेकर.